चांगला पाय आधी

मी एक जुना बाक आहे. रोज संध्याकाळी ज्याच्यावर बसून तुम्ही बुटांच्या नाड्या बांधता, ज्याच्या फाटक्या रेक्झिनमधून स्पंज उपटून एकमेकांच्या अंगावर फेकता, तोच मी. आजवर मी तुमच्या वजनाखाली गप्प राहिलो. पण मित्रांनो, शनिवारपासून तुम्ही मैदानाचे स्टोअर सांभाळणाऱ्या ताईशी अबोला धरला आहे. तुमच्या संघातली ती दोन वेण्यांची मुलगी, जिचा चेंडू गोलरक्षकाला दिसतही नाही म्हणून तुम्ही जिला तोफ म्हणता, तिचा बूट ताईने दिला नाही. तोफ सामन्यात उतरली नाही आणि तुम्ही एका गोलने हरलात. तुम्हाला एवढेच ठाऊक आहे. काल तुमच्यापैकी कोणीतरी माझ्या लाकडी कडेवर खडूने 'लंगडी चोर' असे लिहून ठेवले. अक्षर चांगले आहे. ताईने ते वाचले, पुसले मात्र नाही. तेव्हा आता माझी हकीकत ऐका, कारण ती तिचीही हकीकत आहे.

माझा जन्म या पत्र्याच्या शेडसाठी झालेला नाही. मी दवाखान्यातला तपासणीचा बाक होतो, आणि दवाखानाही साधा नव्हे, खेळाडूंच्या दुखापतींचा. पेशंट मला टेबल म्हणत, झाडलोट करणाऱ्या मावशी मला खाट म्हणत. पण ज्या सुताराने मला घडवले त्याने मला बाक म्हटले होते, आणि बापाने ठेवलेले नाव मी बदलणार नाही.

थोरले डॉक्टर त्या सुताराकडे मापांचा कागद घेऊन गेले तेव्हा तो आधी हसला. उंची डॉक्टरांच्या कमरपट्ट्याएवढी हवी, म्हणजे दिवसभर वाकावे लागणार नाही. पायाकडची कड गोल हवी, म्हणजे पाय खाली सोडून बसले तर मांडीला काचणार नाही. आणि सगळ्यात मोठी अट अशी, की बाक करकरता कामा नये. "करकरला की पेशंट दचकणार, दचकला की पाय ताठ करणार, आणि ताठ पाय खोटं बोलतो," असे डॉक्टर म्हणाले. सुताराने जन्मभर पलंग आणि कपाटे केली होती. पायांसाठी एवढे नखरे त्याने कधी ऐकले नव्हते. तरी त्याने माझे सांधे दोनदा उघडून पुन्हा बसवले. मी पूर्ण झालो त्या दुपारी जेवण करून तो स्वतःच माझ्यावर आडवा झाला, चारदा कूस बदलली आणि त्याला गाढ झोप लागली. मी एकदाही करकरलो नाही. मला न्यायला आलेले डॉक्टर त्याला न उठवता शेजारच्या स्टुलावर बसून राहिले. माझी परीक्षा तेवढीच झाली.

दवाखान्याची खोली लहान होती. एका भिंतीला पडदा, खिडकीखाली हात धुण्याचे बेसिन, दाराजवळ बूट काढायची चटई. पेशंट आत येत असतानाच थोरले डॉक्टर त्याच्याकडे पाहू लागत. तो कोणत्या पायावर भार टाकतो, बूट काढताना कशाचा आधार घेतो, बुटाचा तळ कोणत्या बाजूला जास्त झिजला आहे, हे सगळे चटईवरच त्यांच्या ध्यानात येई. मग प्रश्न. उडी मारून खाली येताना झाले की वळताना? आतून काही आवाज आला का? सूज त्याच तासात आली की दुसऱ्या दिवशी उठल्यावर दिसली? नंतर चालताना गुडघ्याने कधी दगा दिला का? उत्तर येईपर्यंत ते थांबत. बरोबर आलेले वडील किंवा सर मध्येच बोलू लागले तर डॉक्टर म्हणत, "गुडघा यांचा आहे ना? मग यांनाच बोलू द्या." तरीही कोणाला राहवले नाही तर त्याची रवानगी बाहेरच्या खुर्चीवर होई. हात लावण्याची वेळ त्यानंतर यायची.

आणि हात लावायचा तो आधी चांगल्या पायाला. हा त्या दवाखान्याचा नियम होता. त्यांच्या केसपेपरवर दोन पायांचे चित्र छापलेले असे आणि त्याखाली दोन रकाने. चांगल्या पायाचा रकाना भरल्याशिवाय दुखऱ्या पायाचा रकाना उघडायचा नाही. जवळजवळ प्रत्येक पेशंट तक्रार करी की डॉक्टर, हा नाही, तो दुखतोय. डॉक्टर शांतपणे म्हणत, "माहीत आहे." कोणाचे सांधे मुळातच सैल असतात, कोणाचे मुळातच आवळलेले. तुमचा गुडघा दुखण्याआधी कसा होता हे तुमच्या दुसऱ्या गुडघ्याखेरीज कोण सांगणार? शिवाय चांगल्या पायावर सगळे करून झाले की पुढे काय होणार हे पेशंटला कळते आणि त्याची अर्धी भीती तिथेच संपते.

उरलेली अर्धी भीती टाचेत असे. हे नीट ऐका, कारण पुढचे सगळे त्यावरच आहे. गुडघ्याच्या आत हाडाला हाड बांधून ठेवणारी एक दोरी असते. ती तुटली आहे का हे पाहायचे तर गुडघा थोडा वाकवून मांडी एका हाताने धरायची आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढायची. दोरी तुटलेली असेल तर नडगी पुढे सरकते. पण पेशंट घाबरलेला असेल तर मांडीच्या मागचे स्नायू नडगीला घट्ट धरून ठेवतात. मग दोरी तुटलेली असली तरी काही सरकत नाही, आणि तपासणाऱ्याला वाटते की सगळे ठीक आहे. स्नायूंनी असे धरून ठेवले की टाच खाली दाबली जाते. माझ्यात रुतते. थोरले डॉक्टर आपले एक बोट टाचेखाली घालून पाहत. बोट जात नसेल तर ते तपासणी थांबवत आणि शाळेच्या, घरच्या, कशाच्याही गप्पा काढत. टाच हलकी झाली की मगच ओढत. ती हलकी झाल्याचे त्यांच्याआधी मला कळत असे, आणि याचा मला फार अभिमान होता. पायाकडच्या बाजूला माझ्यात एक खळगा पडला आहे तो हजारो टाचांचा आहे.

माझी भरभराट होती तेव्हा काय काय लोक आले म्हणून सांगू. परीक्षेच्या आठवड्यातच दुखणारे गुडघे आले. माझ्यापेक्षा रुंद मांड्यांचा एक वेटलिफ्टर आला, जो सुई पाहून रडला. एका धावपटूला डॉक्टरांनी या मोसमात धावायचे नाही असे सांगितले, तेव्हा तो नाही नाही ते बोलून गेला. दोन वर्षांनी तोच पदक दाखवायला आला. पदक त्याने माझ्यावर ठेवले होते. तुमच्या पाण्याच्या बाटल्यांआधी माझ्या अंगावर असल्या वस्तू ठेवत, हे कळावे म्हणून सांगितले.

आता मावशींबद्दल. रोज सकाळी त्या मला ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने पुसत. त्यांची मुलगी दोन वर्षांची होती तेव्हा तिला घरी सांभाळायला कोणी नव्हते, म्हणून त्या तिला बरोबर आणत. दुपारी दवाखाना बंद झाला की ती माझ्यावर झोपे. पाय काडीसारखे आणि आवाज असा की रस्त्यापलीकडे ऐकू जावा, म्हणून थोरल्या डॉक्टरांनी तिचे नाव टिटवी ठेवले. चार वर्षांची झाल्यावर ती पडद्याआडून डोके काढून पेशंटना बजावू लागली, "चांगला पाय आधी." तो वेटलिफ्टर तिला घाबरून मुकाट्याने बरोबर पाय पुढे करी. थोरल्या डॉक्टरांचा मुलगा तेव्हा कॉलेजात होता. लहानपणी तोही माझ्यावर झोपला होता. शिकाऊ डॉक्टरांना निरोगी गुडघा कसा लागतो ते दाखवायला त्याचे वडील त्यालाच आडवा करत. म्हणजे तो नियम त्याला वेगळा शिकवावा लागला नाही. टिटवी त्याला दादा म्हणत असे.

पुढे थोरले डॉक्टर गेले आणि धाकटे डॉक्टर त्यांच्या जागी बसले. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. त्यांचा हात चांगला होता, अभ्यास वडिलांपेक्षा जास्त होता आणि केसपेपरही तेच ठेवले होते. फक्त बाहेरच्या खुर्च्या वाढल्या होत्या आणि त्या नेहमी भरलेल्या असत.

टिटवी तोवर सोळा वर्षांची झाली होती आणि याच मैदानावर हँडबॉल खेळत होती. तुमचे शिट्टीवाले सर तेव्हाही हेच होते. काडीसारखे पाय आता असे उडत की ती हवेत जरा थांबते की काय असे वाटे, हे मी ऐकले आहे, पाहिलेले नाही. खेळाडूंची एक निवासी शाळा होती, तिच्या निवड चाचणीला तिला बोलावणे आले. निवड झाली असती तर राहणे, शिक्षण, खेळ, सगळ्याची सोय झाली असती. मावशी मला पुसता पुसता स्वतःशीच बोलत, की माझ्या हातात फडकं आलं, हिच्या हातात येऊ नये. त्यांनी एवढी एकच गोष्ट मागितलेली मी ऐकली.

चाचणीला चौदा दिवस उरले होते तेव्हा सरावात टिटवी उडी मारून एका पायावर उतरली आणि गुडघा आत वळला. पाचव्या दिवशी सर तिला दवाखान्यात घेऊन आले. ती चालत आली, पण चटईवर बूट काढताना तिने भिंतीला हात लावला. थोरले डॉक्टर असते तर तिथेच थांबले असते.

धाकट्या डॉक्टरांना तिला पाहून आनंद झाला. बाहेर तीस माणसे होती, तरी त्यांनी तिला आधी आत घेतले. मावशी केसपेपर लिहायला बसल्या तेव्हा ते हसून म्हणाले, "मावशी, घरच्यांना कसला केसपेपर?"

प्रेमानेच म्हणाले. मला ते प्रेम अजून सलते. कोण कुठले परके लोक येत, त्यांना अर्धा तास आणि दोन रकाने मिळत. ही घरची म्हणून हिला कागद मिळाला नाही. कागद नाही म्हणून दोन पायांचे चित्र नाही, आणि चित्र नाही म्हणून चांगल्या पायाची आठवण करून देणारे काही समोर नव्हते. डॉक्टरांचा हात सरळ दुखऱ्या गुडघ्यावर गेला.

सर माझ्या पायथ्याशी उभे होते. त्यांना बाहेर बसवायचे कोणाला सुचले नाही. डॉक्टरांनी आवाज आला होता का असे विचारले, तर सरांनीच उत्तर दिले की छे, थोडे मुरगळले आहे, बर्फ लावला, सूज उतरली. डॉक्टरांनी टिटवीकडे पाहिले. टिटवीने सरांकडे पाहिले आणि "नाही" म्हणाली. मग डॉक्टरांनी मांडी धरली आणि तिची टाच माझ्यात रुतली. हजारो टाचा माझ्यात रुतल्या, पण एवढी खोल एकही रुतली नव्हती. ती सारा जीव एकवटून आपली नडगी मागे धरून होती. डॉक्टरांनी ओढले. काही सरकले नाही. त्यांनी टाचेखाली बोट घातले नाही.

मित्रांनो, त्या खोलीत नियम चौघांना ठाऊक होता. डॉक्टरांना वडिलांपासून ठाऊक होता, मावशींना वीस वर्षे ऐकून ठाऊक होता, टिटवी तर तो चौथ्या वर्षापासून ओरडत आली होती. चौथा मी. चौघांपैकी कोणी तोंड उघडले नाही. तीन माणसांना तोंडे होती तरी उघडली नाहीत, आणि मला ते नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा मला करकरायचे होते. एकदा मोठ्याने करकरलो असतो तर डॉक्टर थांबले असते, खाली पाहिले असते, टाच दिसली असती. मी सगळे सांधे ताणले. पण त्या सुताराने काम चोख केले होते.

डॉक्टर म्हणाले की गुडघा घट्ट आहे. सरांनी बरोबर आणलेला एक्स-रे स्वच्छ होता, आणि तो असणारच, कारण एक्स-रेत हाड दिसते, दोरी दिसत नाही. नऊ दिवस आराम कर, मग पट्टी बांधून खेळ, असे सांगून त्यांनी शाळेच्या फॉर्मवर 'खेळण्यास तंदुरुस्त' असे लिहिले आणि सही केली. लिहिण्यासाठी त्यांनी फॉर्म माझ्यावरच ठेवला होता. सगळ्याला चार मिनिटे लागली.

चाचणीत ती अकरा मिनिटे खेळली. बाराव्या मिनिटाला उडी मारून खाली आली आणि गुडघा तिच्या अंगाखालून निसटला. तुटलेल्या दोरीच्या गुडघ्यावर ती खेळत होती. आता गुडघ्यातली मऊ गादीही फाटून हाडांमध्ये अडकली. तिला उचलून बाहेर आणावे लागले.

आठ दिवसांनी सूज उतरल्यावर तिला पुन्हा माझ्यावर झोपवले. या वेळी धाकट्या डॉक्टरांनी केसपेपर स्वतः भरला. बाहेर माणसे खोळंबली होती, त्यांना खोळंबू दिले. आधी चांगला पाय पाहिला. मग दुखऱ्या पायाच्या टाचेखाली बोट ठेवून ते किती वेळ बसले ते मला सांगता येणार नाही. टाच हलकी झाली. त्यांनी नडगी धरली आणि ती टेबलाचा खण उघडावा तशी पुढे आली. त्यांचे हात तिथेच राहिले.

मावशी बेसिनजवळ फडके पिळत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही चांगला पाय आधी घेतला नव्हता."

डॉक्टरांनी मान वर केली नाही. "तुम्हाला दिसत होतं, मावशी. मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही डॉक्टर. मी फडकं मारणारी." मावशींनी फडके पुन्हा पिळले, त्यात पाणी उरले नव्हते तरी. "आणि बोलले असते अन् हिची शाळा हुकली असती, तर हिनं मला जन्मभर बोल लावला असता."

तेव्हा माझ्यावर झोपलेली टिटवी छताकडे पाहत म्हणाली, "आवाज आला होता, दादा. टक्कन. सर म्हणाले होते, तेवढं सांगू नकोस."

त्या आवाजात टिटवीचे काही उरले नव्हते. पडद्यापलीकडेसुद्धा तो ऐकू गेला नसता. डॉक्टरांनी तिचा पाय हळूच खाली ठेवला, बेसिनकडे गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले.

दोन शस्त्रक्रिया झाल्या. गुडघा जोडला गेला, पण पुरता वाकेनासा झाला. शाळेने दुसरी मुलगी घेतली. शाळेचा त्यात काही दोष नव्हता.

आणि मग माझा दोष निघाला. एक डॉक्टर स्नेही भेटायला आले होते. त्यांनी विचारले की तुझ्या हातून हे निसटले कसे? धाकटे डॉक्टर माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "टेबल जुनं झालंय. स्पंज बसलाय. पाय नीट टेकत नाही त्यावर." मी ऐकत होतो. ज्या टाचेची खबर फक्त मला होती, ती टेकली नाही म्हणून मीच गुन्हेगार ठरलो. पंधरा दिवसांत बटण दाबले की वर-खाली होणारा नवा बाक आला. तो करकरत नाही, घरघरतो. मला मैदानाला देऊन टाकले. मला नेण्याआधी मावशींनी नेहमीसारखे पुसले, आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्या. टाचेच्या खळग्यात त्यांचा हात थांबला. सरांनी मला शेडखाली उतरवून घेतले, हाताने दाबून पाहिले आणि बसायला बरा आहे म्हणाले.

वर्षभराने टिटवीही इथेच आली. चेंडू मोजायचे, जाळ्या शिवायच्या, तुम्हाला रंगीत बनियन वाटायचे. ही नोकरी तिला सरांनीच लावून दिली. ते त्याला उपकार म्हणतात. तुम्ही तिला ताई म्हणता. काम नसले की ती माझ्यावर बसते आणि पाय वाकत नाही म्हणून लांब सोडून ठेवते. टाच बरोबर त्या जुन्या खळग्यात येते. मित्रांनो, तिला आता कोणी तपासत नाही, कोणी ओढत नाही. तरी ती टाच दाबूनच ठेवते. इतकी वर्षे झाली, ती एकदाही हलकी झाली नव्हती.

आता शनिवारचे. तुम्ही तिथेच होतात, पण चेंडूमागे होतात. सामन्याआधी उड्या मारताना तोफ वाकडी उतरली आणि लंगडत माझ्यापाशी आली. ताईने तिला बसवले आणि दोन्ही बूट काढायला लावले. मग तिने चांगला पाय हातात घेतला.

"ताई, हा नाही, तो दुखतोय."

"माहीत आहे," ताई म्हणाली.

तिने काही ओढले नाही, काही पिळले नाही. ती डॉक्टर नाही हे तिला पक्के ठाऊक आहे. तिने फक्त विचारले, उत्तरासाठी थांबली, आणि दुखऱ्या पायाच्या टाचेखाली बोट घातले. बोट गेले नाही. तेवढ्यात शिट्टी झाली. सर आले आणि पट्टी बांधून चल म्हणाले. तोफेने बुटाकडे हात नेला, पण ताईने तो आधीच उचलून पोटाशी धरला होता.

"बूट दे तिचा," सर म्हणाले.

"नाही."

"तू डॉक्टर आहेस का?"

"नाही. म्हणूनच देत नाही. आधी दाखवू दे."

सर तुमच्याकडे वळले. तोफ मात्र रडत होती. रडता रडता ती म्हणाली, "तुला खेळता येत नाही ना, म्हणून मलाही खेळू देत नाहीस." तुम्ही ते ऐकले. तुमच्यातले दोघे हसले. त्यांची नावे मला ठाऊक आहेत, पण घेणार नाही. ताईने बूट सोडला नाही, एवढेच. सामना संपेपर्यंत ती माझ्यावर तशीच बसून होती आणि तिची टाच माझ्या लाकडापर्यंत पोचली होती.

आज दुपारी, तुम्ही शाळेत असताना, तोफेची आई आली होती. ती वैतागलेली होती. धाकट्या डॉक्टरांनी अर्धा तास लावला, त्यातला निम्मा वेळ तर दुसराच पाय बघत बसले, असे ती सरांना सांगत होती. तिला स्वतःला बाहेर बसवले होते, त्याचा राग वेगळा. निदान असे, की काहीही तुटलेले नाही. गुडघा शाबूत आहे. दहा दिवस आराम, मग खुशाल खेळा.

सर ताईकडे वळले. "ऐकलंस? काही नव्हतं. उगाच मॅच घालवलीस."

ताईने डोळे मिटले. पाय नेहमीसारखा लांब सोडलेला होता, टाच खळग्यात होती. आणि मित्रांनो, ती हलकी झाली. मला आधी विश्वास बसेना. मी जन्मभर टाचा ओळखत आलो, यात माझी चूक होत नाही. कोणी तिला शाबास म्हटले नव्हते, तिचे काही परत आले नव्हते, उलट सामन्याचे खापर तिच्या डोक्यावर फुटले होते. एका दुसऱ्याच मुलीचा गुडघा शाबूत निघाला होता, तेवढे तिला पुरले.

मी आता म्हातारा झालो आहे, माझी काळजी घ्या, असे मी सांगणार नाही. स्पंज उपटायचा तर उपटा. पण दुखले तर दुखले म्हणा, आवाज आला तर आला म्हणा, मग समोर सर उभे असोत की डॉक्टर, की तुमचे स्वप्न. आणि दुसऱ्याचे लपवलेले दुखणे तुम्हाला दिसले तर गप्प बसू नका. गप्प बसणाऱ्या चौघांमधला मी एक आहे.

आज खेळायला आलात की माझ्या कडेवरचे ते दोन शब्द आधी पुसा. ओल्या फडक्याने, मग कोरड्या. आणि माझ्यावर बसाल तेव्हा पायाकडची बाजू मोकळी ठेवा. ती तिची जागा आहे.